गाडीचे आकडे वाचताना: मिशिगनमध्ये नव्याने आलेल्या मराठवाडकरांसाठी

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम करून डेट्रॉइटच्या परिसरात आलेल्या मुलामुलींना न्यूटन-मीटर आणि किलोवॅट शिकवावे लागत नाहीत, तरीही पहिली गाडी घेताना तीच मुले आकड्यांत अडखळतात, हे मी इथे अनेक वर्षे पाहत आलो आहे. कारखान्यातले ड्रॉइंग इथेही मिलिमीटरमध्येच असते. पण गाडी विकणाऱ्याच्या टेबलावर, पेट्रोलपंपावर आणि रस्त्यावर मात्र मैल, गॅलन आणि पाउंड-फूट चालतात.

सर्वांत मोठी गफलत ॲव्हरेजची होते. मी पहिली जुनी गाडी पाहून आलो, तेव्हा जालन्याहून वडिलांनी फोनवर आधी तेच विचारले आणि मी कागदावरचा २८ हा आकडा सांगून मोकळा झालो. “एवढ्या मोठ्या गाडीला अठ्ठावीस? मंग घे की,” असे ते म्हणाले. हे २८ म्हणजे गॅलनमागे २८ मैल होते. मैल १.६०९ किलोमीटरचा आणि अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणून इथल्या आकड्याला ०.४२५ ने गुणावे लागते. त्या हिशेबाने माझी गाडी लिटरला बाराच्याही किंचित खालीच होती. घरी आकडा सांगताना रूपांतर करूनच सांगा, कारण तिकडची माणसे त्या आकड्यावर विश्वास ठेवून सल्ला देत असतात.

इंटरनेटवरची ब्रिटिश परीक्षणे पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणजे अमेरिकी गॅलनपेक्षा सुमारे २० टक्के मोठा असतो, त्यामुळे तिथले ४० हे इथले ३३ होतात.

रूपांतर बरोबर केले तरी ॲव्हरेजचा आकडा फसवू शकतो, आणि हे किलोमीटर-लिटरच्या हिशेबालाही तितकेच लागू आहे. वर्षाला १२,००० मैल चालणारी गाडी १५ ऐवजी २० चे ॲव्हरेज देऊ लागली तर २०० गॅलन वाचतात, पण ३० वरून ४० वर गेली तर १०० गॅलनच वाचतात, जरी दुसरी वाढ ऐकायला मोठी वाटत असली तरी. म्हणून नव्या गाडीच्या काचेवरच्या पत्रकात १०० मैलांना किती गॅलन लागतात हा जो बारीक आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा. दोन गाड्यांची खरी तुलना त्यावरच होते.

ताकदीच्या आकड्याची काळजी करू नका. आपल्या माहितीपत्रकातला पीएस ७३५.५ वॅटचा आणि इथली हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटची, म्हणजे १०० पीएसची गाडी इथे ९८.६ ची ठरते. टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे, तसे नाही: २५० न्यूटन-मीटर इथे १८४ पाउंड-फूट म्हणून लिहिले जातात, आणि केवळ आकडा लहान दिसला म्हणून चांगले इंजिन नाकारणारे लोक मी पाहिले आहेत.

पिकअपच्या बाबतीत, म्हणजे गाडी किती सेकंदांत वेग पकडते ते पाहताना, आपण ताशी शून्य ते १०० किलोमीटर मोजतो आणि इथे शून्य ते ६० मैल मोजतात, पण ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटरच होतात. शिवाय इथल्या अनेक मासिकांच्या चाचण्यांत गाडी पहिला एक फूट पुढे सरकल्यावरच घड्याळ सुरू होते, आणि त्यात साधारण ०.३ सेकंद वाचतात. दोन देशांतल्या चाचण्यांचे सेकंद शेजारी ठेवून गाडी निवडणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

चाकातल्या हवेपाशी मात्र तुम्हाला घरच्यासारखे वाटेल. पंक्चरवाला “बत्तीस भरू का?” असे विचारतो ते पीएसआयच (चौरस इंचामागे पाउंड, हे दाबाचे एकक) असते, आणि इथेही तेच चालते. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर खांबावर जे स्टिकर दिसते, त्यावर बहुधा २४० केपीए (किलोपास्कल) आणि ३५ पीएसआय असे दोन्ही आकडे शेजारी असतात. टायरवर २०५/५५ आर १६ असे लिहिलेले असेल तर त्यातली रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिमचा व्यास इंचांत असतो, अगदी आपल्याकडे असतो तसाच.

वेगाची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. समृद्धी महामार्गावरचे १२० म्हणजे इथले ७५, आणि इथल्या महामार्गावरचा ७० चा फलक म्हणजे ११३ किलोमीटर. नायगारा किंवा टोरांटोला जाताना तुम्ही पूल ओलांडून विंडसरमध्ये उतराल, तेव्हा फलकांवर किलोमीटर असतील, कारण कॅनडाने १९७७ मध्येच रस्त्यांवरचे फलक बदलले. तिथे १०० चा फलक दिसला की स्पीडोमीटरवरचे आतले बारीक आकडे पाहा, किंवा पूल येण्याआधी गाडी थांबवून पडद्यावरचे एकक बदलून घ्या. मैलांचा काटा तिथे ६२ च्या पुढे जाता कामा नये.