पडलेल्या झाडाच्या फळ्या: चेनसॉ मिल स्वतः कशी बनवावी

पावसाळ्यात ठाण्यात विलायती शिरीष कोसळला की फांद्या तोडून रस्ता मोकळा होतो आणि खोड जळणाला जातं. पाहून जीव तुटतो, कारण त्या खोडात जेवणाच्या टेबलाजोग्या फळ्या असतात. कोपरीत आमच्या सोसायटीच्या आवारातच असा ओंडका पडून होता, म्हणून मी ही चेनसॉ मिल बनवली. मिल म्हणजे चेनसॉला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळी-करवतीला, बसवायचा सांगाडा; तो ओंडक्यावरून सरकवत नेला की सरळ फळ्या निघतात.

आधी लाकूड घेण्याची लेखी परवानगी मिळवा. उभ्या झाडाला मात्र वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

चेनसॉ ६० सीसी किंवा मोठा हवा. बार म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती लांब पट्टी; २० इंची बारवर सांगाड्याचे चिमटे बसले की चिरायला साधारण १५ इंच रुंदी उरते. साखळी उभ्या चिरकामाची, म्हणजे खोड लांबीच्या दिशेने चिरणारी (रिपिंग चेन) घ्या. तिच्या दातांना १० अंशांच्या आसपास धार असते, नेहमीच्या साखळीला ३०. नेहमीची साखळी लांबीच्या दिशेने अडते आणि इंजिन तापवते.

सांगाड्यासाठी २५ मिमीचा चौकोनी लोखंडी पाईप घ्या. वागळे इस्टेटमधला फॅब्रिकेशनवाला तो कापून देईल. बारच्या लांबीचे दोन पाईप समांतर ठेवून दोन्ही टोकांना आडवे तुकडे वेल्ड करा. प्रत्येक आडव्या तुकड्यातून १२ मिमीचे दोन आटे पाडलेले रॉड खाली सोडा. रॉडच्या खालच्या टोकांना दोन जाड पट्ट्या लावा, एक बारच्या वर, एक खाली, हा झाला चिमटा. रॉड साखळीच्या बाहेरून जायला हवेत. पट्ट्यांच्या मध्यावर बारपेक्षा अरुंद ठोकळा वेल्ड केला की पकड बारलाच बसते आणि साखळी मोकळी धावते. पुढचा चिमटा बारच्या टोकाच्या चक्रीवर येऊ देऊ नका. वरचे नट फिरवून फळीची जाडी ठरवायची.

खरी मेहनत इथून पुढे आहे. पाईपच्या खालच्या कडेपासून बारपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. एका मिलिमीटरचा फरक असेल तरी पुन्हा नट फिरवा, नाहीतर प्रत्येक फळी पाचरीसारखी निघेल.

पहिल्या कापासाठी ओंडका गोल असतो, म्हणून त्यावर सरळ अॅल्युमिनियमची शिडी लेव्हल लावून स्क्रूने बसवा. स्क्रूचं टोक कापाच्या रेषेच्या बरंच वर राहायला हवं. पुढच्या कापांना हीच सपाट बाजू आधार देते.

रस्त्याकडेच्या झाडात जाहिरातींचे, दिव्यांचे खिळे असतात. चिरताना लाकडात निळसर-काळा डाग दिसला की थांबा. खिळ्याच्या गंजाने लाकूड असं काळवंडतं. मी एकदा थांबलो नाही आणि साखळीचे कितीतरी दात गेले.

गॉगल, कानाचे मफ, जाड बूट आणि पायांना चेनसॉचे चॅप्स (साखळीपासून वाचवणारं जाड आवरण) घातल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. जवळ एक माणूस असू द्या. कापामागे फूटभर अंतरावर लाकडी पाचरी ठोकत चला, म्हणजे बार अडकत नाही.

फळ्यांच्या टोकांना लगेच ऑइल पेंट लावा. मग मध्ये २० मिमीच्या कोरड्या पट्ट्या ठेवून सावलीत, जमिनीपासून वर रचा. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा, आणि आपल्या दमट हवेत त्याहून थोडं जास्तच.