प्रोग्राम कधी बदलायचा, ते वहीला विचारा
दर महिन्याला नवा प्रोग्राम, म्हणजे व्यायामाचा आराखडा, धरणारे जिममध्ये बरेच भेटतात. बारवरचं वजन मात्र तेवढंच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक साधी वही आणा आणि प्रत्येक सेट, म्हणजे न थांबता केलेली एक फेरी, लिहा. सुरुवातीला आठवड्यातून 3 दिवस व्यायाम. स्क्वॉटचे (खांद्यावर बार घेऊन बैठका) 5 रेप्सचे, म्हणजे 5-5 वेळांचे, 3 सेट, दर खेपेला 2.5 किलो वाढ. 40 किलोपासून सुरू केलंत तर बाराव्या खेपेला 67.5 होतात. हे चालतंय तोवर दुसरं काही शोधूच नका.

ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) बहुतेकदा सगळ्यांत आधी अडतो, तिथे वाढ निम्मी करा. एकाच वजनावर सलग 3 खेपा अडलात, तर 10 टक्के उतरवून पुन्हा चढा. झोप-जेवण नीट असूनही परत तिथेच अडलात, तरच पुढचा टप्पा: एक दिवस जड, एक हलका, एक मध्यम, आणि वाढ आठवड्यातून एकदाच. तुम्हाला एकदाच उचलता येणाऱ्या कमाल वजनाच्या टक्केवारीवर चालणारे, महिन्याच्या चक्राचे प्रोग्राम त्याहीनंतर.

चवथीला (गणेश चतुर्थीला) आठवडाभर खाडा होणारच, नेवऱ्याही (करंज्याही) होणार. परतल्यावर थोडं कमी वजन लावा, प्रोग्राम तोच. आणि पावसात बार पुसून ठेवा, गंज लगेच धरतो.