आडजागी आलेल्या पाइपला कमोड जोडताना

जुन्या सदनिकेतले भारतीय पद्धतीचे भांडे काढून तिथे कमोड बसवण्याची वेळ बऱ्याच घरांत येते. आमच्याकडे ती आईच्या गुडघ्यांमुळे आली. अशा वेळी बहुतेक जण आधी दुकानात जाऊन कमोड पसंत करतात आणि मग प्लंबरला बोलावतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की क्रम उलटा ठेवावा, कारण भांड्याचा पाइप कमोडच्या सोयीने टाकलेला नसतो. तो भिंतीपासून नको तितका दूर, नाहीतर एका बाजूला सरकलेला निघतो. पाइपचे तोंड नेमके कुठे आहे हे मोजून झाल्यावर त्याला साजेसा कमोड घेतला, तर निम्मी तोडफोड वाचते.

कमोडचे तोंड त्याच्या ट्रॅपनुसार, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या नळीनुसार, दोन प्रकारचे असते. एस ट्रॅपचे तोंड खाली जमिनीत उतरते, तर पी ट्रॅपचे मागे भिंतीकडे जाते. आपल्या बाजारात एस ट्रॅपचे कमोड साधारणपणे 4, 9 आणि 12 इंच या मापांत मिळतात आणि हे माप म्हणजे मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर होय. पी ट्रॅपमध्ये तयार फरशीपासून तोंडाच्या मध्यापर्यंतची उंची पाहतात. जमिनीवर टेकणाऱ्या बहुतेक कमोडमध्ये ती 180 मिलिमीटरच्या आसपास असते. भिंतीला टांगायच्या कमोडची उंची वेगळी असते, म्हणून त्याच्या कंपनीचे मापचित्र हाती आल्याशिवाय पाइपला हात लावू नये.

मोजताना एक चूक हमखास होते. माप उघड्या गिलाव्यापासून घेतले जाते आणि नंतर त्यावर टाइल चढते. टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून सहज इंचभर जाडी वाढते, त्यामुळे आज साडेनऊ इंच भरलेले अंतर काम संपेपर्यंत साडेआठ होते आणि 9 इंची कमोडची टाकी भिंतीला अडते. म्हणून टाइलचा एक तुकडा भिंतीला उभा धरून, त्याच्या पृष्ठभागापासून टेप लावावा. त्याचबरोबर मागच्या भिंतीवर जिथे कमोडचा मध्य यायला हवा तिथून ओळंबा सोडावा आणि पाइपचा मध्य त्या रेषेपासून किती हटला आहे ते पेन्सिलीने जमिनीवर लिहून ठेवावे. आमच्याकडे तो दीड इंच डावीकडे निघाला.

आता जुन्या ट्रॅपविषयी, कारण सर्वाधिक त्रास तिथूनच उद्भवतो. भारतीय भांड्याखाली वाकड्या नळीचा वेगळा ट्रॅप असतो आणि त्यात साठलेले पाणी पाइपमधली दुर्गंधी अडवते. कमोडच्या अंगात स्वतःचा ट्रॅप असतोच. असे असूनही तोडफोड टाळण्यासाठी जुना ट्रॅप जागेवर ठेवून त्याच्या तोंडावर कमोड बसवला जातो, आणि आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या कारागिराने नेमके तेच सुचवले होते. एकामागोमाग दोन ट्रॅप आले की मधली हवा कोंडते, फ्लश केल्यावर पाणी आधी वर चढते आणि मग गुडगुडत हळूहळू उतरते, शिवाय मैला दुसऱ्या वळणात साचून राहतो. म्हणून कोबा फोडून जुना ट्रॅप काढणे आणि त्यापुढच्या सरळ पाइपपासून नवे काम सुरू करणे अपरिहार्य आहे. संडासाचा स्लॅब खोलगट असेल तर हा ट्रॅप आपल्याच कोब्यात सापडतो. तसा नसेल तर तो खालच्या घराच्या छताखाली लटकत असतो आणि मग खालच्या शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन त्यांच्या घरातूनच काम करावे लागते.

जुळणीचा मार्ग फरकावर ठरतो. इंच-दीड इंचाचा फरक ऑफसेट कनेक्टरने निघतो. या रबरी ओठांच्या कनेक्टरची दोन्ही तोंडे एका रेषेत नसतात, त्यामुळे तो हवा तसा फिरवून तोंड जुळवता येते. आमचे काम त्यावरच भागले. पाइप भिंतीपासून 9 इंचांहून थोडा दूर असेल तर 9 इंची कमोडच घ्यावा आणि टाकीमागे उरलेल्या फटीची चिंता करू नये. मात्र कमोड पुढे आल्यावर त्याच्यासमोर उभे राहायला आणि वळायला जागा उरते का, दार पूर्ण उघडते का, हे जमिनीवर खडूने आकार काढून आधीच पाहावे.

त्याहून मोठा फरक असेल तर पाइपच सरकवावा लागतो. 110 मिलिमीटरच्या पाइपला 40 ला 1 असा, म्हणजे फुटाला साधारण अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतार द्यावा, आणि वळण काटकोनी एल्बोने न घेता 45 अंशांचे दोन बेंड जोडून घ्यावे. घड्यांचा लवचिक पाइप बसवायला सोपा असतो खरा, पण त्याच्या आतल्या घड्यांत घाण अडकते. दुसरा कोणताही मार्ग नसेल तरच तो वापरावा. कोब्यात उताराला जागा नाही म्हणून संडासाची जमीन चार-सहा इंच उचलण्याचा सल्ला मिळतो. ज्या घरात गुडघेदुखीसाठी कमोड बसतो आहे, तिथे रात्रीच्या अंधारात चढायची नवी पायरी तयार करणे मला मुळीच पटत नाही.

उभा पाइप मागच्या भिंतीपलीकडे डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत असेल, तर पी ट्रॅपचा कमोड घेऊन भिंतीतून थेट बाहेर पडणे हा उत्तम उपाय ठरतो. त्यात स्लॅबला धक्का लागत नाही. सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, भोक विटांच्याच भागात येते आहे याची खात्री करावी आणि काँक्रीटच्या बीमला किंवा कॉलमला छिन्नी लागू देऊ नये. उभा पाइप जुना बिडाचा असेल तर त्याचे सांधे शिशाचे असू शकतात. तिथे पीव्हीसी नुसता खुपसून सिमेंट थापणे चुकीचे आहे, त्यासाठी मिळणारा जोड वापरावा.

प्रत्यक्ष जोडताना कापलेल्या पाइपची कड कानशीने उतरती करावी, नाहीतर ती रबर फाडते. रबरावर साबणाचे पाणी लावावे, तेल किंवा ग्रीस लावू नये. कमोडचे तोंड पाइपमध्ये पांढऱ्या सिमेंटने घट्ट भरून टाकण्याची पद्धत अजूनही दिसते. असा सांधा किंचित हालचालीनेही तडकतो आणि पुढे कमोड काढायचा झाल्यास तो फोडावाच लागतो. रबरी कनेक्टर, जमिनीत पक्के स्क्रू आणि बुडाभोवती सिलिकॉन एवढे पुरेसे आहे. त्यातही मागच्या बाजूला दोन बोटे जागा सिलिकॉनशिवाय ठेवावी, म्हणजे पुढे कधी सांधा गळू लागला तर पाणी तिथून बाहेर दिसेल, आतल्या आत कोब्यात मुरणार नाही.

जमिनीतले सांधे झाकण्यापूर्वी पाइपमध्ये पाणी भरून ठेवावे आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळावा, कारण बोटाला न जाणवणारा ओलावाही त्यावर लगेच दिसतो. फोडलेल्या जागेचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिथे किमान 24 तास पाणी साठवून खालच्या घराचे छत पाहावे आणि मगच फरशी लावावी. कमोड बसल्यावर सलग दहा वेळा फ्लश करून कनेक्टरभोवतीचा कागद पुन्हा तपासावा. आमच्याकडे सातव्या फ्लशला त्याचा एक कोपरा ओला झाला, तेव्हा कनेक्टर काढून, दुमडलेला रबरी ओठ सरळ करून तो पुन्हा बसवला.