आठवीची एसटी धरण्याआधी

आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीपासून हायस्कूल, म्हणजे तालुक्याचं पाटण, म्हणजे सकाळची मुक्कामी गाडी. गेल्या जूनमध्ये माझी थोरली गेली, यंदा धाकट्या जावेचा मुलगा जाणार. परवा ती पीठ चाळता चाळता म्हणाली, "ताई, याची काय काय तयारी करू ते एकदा नीट सांगा." तिला सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं, की दप्तर, वह्या, गणवेश हे सगळं दोन दिवसांत उरकतं. वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टींना. आजवर पोराची जी कामं आपण करत आलो, ती एकेक करून त्याच्या हातात द्यायची आणि त्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी एवढाच वेळ असतो. शाळा जूनच्या मध्याला उघडते (विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी उशिरा), आणि आमच्याकडे पाऊसही त्याच सुमाराला येतो. मग शिकवायला उसंत मिळत नाही.

पहिलं काम कागदांचं, आणि ते निकालाच्या दिवशीच सुरू करा. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि घरी नेण्याआधी तिथेच उभं राहून मुलाला मोठ्याने वाचायला लावा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं. शेजारी आधार कार्ड धरा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्या लेकीच्या आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं. आम्ही सात वर्षं ते पाहत होतो, पण वाचलं नव्हतं. जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीतलं नाव पुढे थेट दहावीच्या प्रमाणपत्रावर जातं आणि शाळा सुटल्यावर ते बदलणं फार जिकिरीचं होतं, म्हणून दुरुस्ती आत्ताच करून घ्या. दाखला हातात पडला म्हणजे झालं असंही नाही. मुलाचं नाव ऑनलाइनसुद्धा जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे जावं लागतं. ते गेलं का, हे दोन्हीकडे विचारून खात्री करा. आधारचं बोटांचे ठसे आणि फोटोचं नूतनीकरण पंधराव्या वर्षी करावंच लागतं. म्हणजे ते नववी-दहावीच्या धावपळीत येणार, आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिला असेल तर मेमध्येच अर्ज टाका. या सगळ्याच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि तो फोल्डर कपाटात न ठेवता मुलाच्या ताब्यात द्या. प्रवेशाच्या दिवशी बाईंनी जो कागद मागितला तो माझ्या लेकीने स्वतः काढून दिला, मी मागे बाकावर बसून होते.

आता एसटी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी झोप यानेच उडाली होती.

मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. मुलांना विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे साधारण एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. मराठवाड्यात, विदर्भात आणि इतरत्रही मिळून १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून खास मुलींसाठी निळ्या गाड्या चालतात. तुमचा तालुका त्यात असेल तर त्या गाडीची वेळ आधी विचारा. पासाच्या अर्जावर शाळेची सही आणि शिक्का लागतो. तो अर्ज मुलाने स्वतः भरावा, खाडाखोड झाली तर दुसरा आणावा. पासाची मुदत संपण्याची तारीख त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या, तुमच्या कॅलेंडरवर नको.

पास झाला म्हणजे प्रवास जमला असं नव्हे. आम्ही मेमध्ये तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत मी बरोबर होते आणि सगळं मीच बोलले. दुसऱ्या फेरीत तिने तिकीट काढलं, सुटे पैसे मोजून घेतले, आणि मी मुद्दाम चार बाकं मागे बसले. कंडक्टरकाकांनी काही विचारलं की ती मान वळवून माझ्याकडे बघायची. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते फार अवघड गेलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या फेरीला ती एकटी गेली, आणि जायला काम हवं म्हणून माझ्या शिलाई मशीनची बॉबिन आणायला सांगितली. अकराच्या गाडीने गेली, दोनच्या गाडीने आली. बॉबिन मोठी निघाली, केसमध्ये बसेना. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, मी गुरुवारी बाजाराला जाणार आहे, बदलून आणते." मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी जुनी बॉबिन रुमालात बांधून तीच गेली, दुकानदाराला दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या, आणि बदलून आणली. त्या दिवशी घरी आली तेव्हा तिच्या बोलण्यात वेगळाच जोर होता.

या फेऱ्यांत बघायच्या गोष्टी बारीक असतात. संध्याकाळच्या गाडीच्या फलकावर शेवटचं गाव लिहिलेलं असतं, आपलं नसतं. आपल्या खोऱ्यात जाणाऱ्या कोणत्या कोणत्या गाड्या चालतात, आणि कोणती गाडी नाव सारखं असूनही दुसऱ्या मार्गे वळते, हे पाठच हवं. शेवटची गाडी कोणती आणि तिच्या आधीची कोणती, हेही. स्टँडवर थांबायचं ते कंट्रोलरच्या केबिनजवळ, उजेडात, चार बायामाणसं असतील तिथे. गाडी आलीच नाही तर कोणाच्या घरी जायचं ते घर आधी दाखवून ठेवा आणि त्या घरच्यांनाही सांगून ठेवा. आम्ही तिच्या आत्याचं घर ठरवलं होतं, स्टँडपासून पायी दहा मिनिटं. जुलैमध्ये एकदा ओढ्याचं पाणी फरशी पुलावर आलं आणि संध्याकाळची गाडी निघालीच नाही. तिने केबिनमध्ये चौकशी केली, शेजारच्या दुकानातून मला फोन लावला आणि म्हणाली, "आई, रस्ता बंद आहे, मी आत्याकडे चाललेय, उद्या तिथूनच शाळेत जाते." सांगितलं आणि फोन ठेवला. माझा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

फोन द्यायचा की नाही यावर घरोघरी वेगळं मत असेल. आम्ही दिला नाही, आणि बऱ्याच शाळाही आणू देत नाहीत. पण आईचा, बाबांचा आणि आत्याचा नंबर तोंडपाठ हवा, म्हणून दाखवायला लावा. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर आणि ११२ हा पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा, हेही पाठ. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पन्नास रुपये घडी करून ठेवा, ते खाऊचे नव्हेत. पास घरी राहिला तर तिकीट काढता आलं पाहिजे, आणि महिलांना एसटीत अर्धं भाडं असतं हे मुलीला माहीत हवं. खाऊचे पैसे वेगळे द्या, आठवड्याचे एकदम. बुधवारी संपले तर शनिवारपर्यंत थांबू द्या.

अभ्यासाची एकच गोष्ट सांगते, कारण बाकीचं शाळा बघते. गावात सगळं मराठीत शिकलेलं मूल हायस्कूलला सेमीच्या तुकडीत गेलं, तर गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीत येतं. माझ्या लेकीला परिमेय संख्या चांगल्या येत होत्या, पण फळ्यावर रॅशनल नंबर दिसलं की ती गप्प व्हायची. तिला वाटायचं, आपल्याला गणितच येत नाही. आठवीच्या गणितात पहिलाच धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा आहे, दुसरा समांतर रेषा व छेदिका. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. ती शेजारी शेजारी उघडा आणि रोज पाच शब्द वहीत मांडा. समांतरला पॅरलल, छेदिकेला ट्रान्सव्हर्सल, घातांकाला इंडेक्स. मेच्या अखेरीपर्यंत शंभरेक शब्द होतात. सेमी घ्यायचं की नाही हे मुलाला विचारून ठरवा, शेजारच्यांनी घेतलं म्हणून घेऊ नका. आणि आठवीला वार्षिक परीक्षेत नापास झालं तर फेरपरीक्षा असते, त्यातही राहिलं तर वर्ष तिथेच थांबू शकतं, हेही त्याला आधीच स्पष्ट सांगा. एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांना त्याबद्दल मुलानेच विचारायचं.

मुलगी असेल तर पाळी आली असो वा नसो, एक छोटी कापडी पिशवी शिवून द्या. दोन पॅड, एक निकर, जुन्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे. पिशवी देऊन थांबू नका. वर्गात असताना आली तर बाईंना काय सांगायचं ते वाक्य तिच्या तोंडून घरी बोलवून घ्या. "मॅडम, मला पाळी आलीय, मी जाऊन येते." माझ्या लेकीला ते पहिल्यांदा म्हणताना रडू आलं. चौथ्यांदा म्हणेपर्यंत आवाज सरळ झाला. आणि पोराच्या आयांनो, हे तुमच्या मुलालाही सांगा, म्हणजे मागच्या बाकावरून कोणी हसणार नाही.

सकाळ मेपासूनच बदला. गजर त्याचा, उठणं त्याचं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो, नववीला थांबतो, म्हणून डबा भरायची सवय आत्तापासून हवी. पोळ्या मी करते, पण डबा भरणं, बाटली भरणं आणि संध्याकाळी दोन्ही घासून पालथं घालणं तिचं. गणवेश धुण्याचंही तसंच. पावसाळ्यात तो वाळत नाही, तेव्हा दोन जोड घ्या आणि दप्तराला आतून खताची स्वच्छ धुतलेली पिशवी लावा. पुस्तकं कोरडी राहतात, रेनकोट कुठलाही असू दे.

घरी आल्यावर "आज काय झालं?" असं दारातच विचारू नका. चहा होऊ द्या. माझी लेक भाकरी थापताना शेजारी येऊन बसते तेव्हा आपणहून बोलते. काही गोष्टी सांगत नाही, हेही मला आता कळतं. पण एसटीत किंवा रस्त्यात कोणी अंगचटीला आलं, मागे लागलं, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं आणि सांगितलं म्हणून शाळा बंद होणार नाही, हा शब्द आम्ही दोघांनी तिला दिला आहे. हे बोलणं शाळा सुरू व्हायच्या आधी, आई-बाबा दोघांनी एकत्र बसून करा. पुष्कळ मुली गाडी बंद होईल या भीतीनेच गप्प राहतात.

आदल्या रात्री दप्तर त्याला भरू द्या, तपासू नका. सकाळी थांब्यापर्यंत जा, पण गाडीत चढू नका. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की परत या आणि राहिलेलं दळण गिरणीत टाका.