जमात वैधतेची फाइल: विद्यापीठातल्या आदिवासी विद्यार्थी कक्षासाठी

शिष्यवृत्ती, वसतिगृह, इंग्रजीची भीती, घरून पैसे न येणे: आदिवासी विद्यार्थी कक्षाकडे हे सगळे येते. पण राखीव जागेवरचा प्रवेशच धोक्यात येतो तो जमात वैधता प्रमाणपत्रावरून. प्रांताधिकाऱ्याने दिलेला जमातीचा दाखला हातात आहे म्हणजे काम झाले, असे घरचे धरून चालतात. महाराष्ट्रात 2001 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार दाखला मिळणे ही एक पायरी आणि तपासणी समितीने तो वैध ठरवणे ही दुसरी. जमात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. म्हणून विद्यार्थी कक्षात आला की पहिल्या भेटीतच वैधतेबद्दल विचारा आणि नसेल तर त्याच दिवशी फाइल उघडा.

सुरुवात वंशावळीने करा. कोऱ्या कागदावर पणजोबापासून खाली, फक्त वडिलांकडची माणसे: आजोबा, चुलत आजोबा, काका, आत्या. आत्यांना विसरू नका. त्यांचा लग्नाआधीचा शाळेचा दाखला तितकाच उपयोगी पडतो. आईकडचे कागद इथे सहसा चालत नाहीत. प्रत्येक नावापुढे गाव, शाळा आणि वैधता मिळाली असल्यास तिचा क्रमांक लिहा. एकच माणूस घरी ‘सोम्या’, शाळेत ‘सोमा’ आणि सातबाऱ्यावर ‘सोमजी’ असतो. तिन्ही नावे नोंदवा आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. हे राहून गेले की अस्सल पुरावाही परक्या माणसाचा ठरतो.

मग कागद शोधायला माणूस गावी पाठवा. 6 सप्टेंबर 1950 ही तारीख त्याला पाठ असू द्या. अनुसूचित जमातींचा आदेश त्या दिवशीचा, म्हणून त्याआधीच्या नोंदीला सर्वांत जास्त वजन. शाळेत प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागा. विदर्भात याच वहीला दाखल-खारीज म्हणतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाची जुनी नोंदवही, पाहा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर जातीचा रकाना असतो. मृत्यूची नोंदही पाहा, ती बहुतेक जण पाहतच नाहीत. नोंद मोडी लिपीत असेल, किंवा मराठवाड्यात उर्दूत, तर जाणकाराकडून सहीशिक्क्यासह लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाची साक्षांकित नक्कल सोबत जोडा.

नोंदीत नुसते ‘कोळी’ किंवा ‘हिंदू’ निघाले तर? ‘महादेव कोळी’ ही अनुसूचित जमात आहे, नुसते ‘कोळी’ नाही; तरी नोंदीत काहीही भरू नका. समितीचे दक्षता पथक (चौकशी करणारे पथक) शाळेत जाऊन मूळ वही उघडते. शाईचा रंग, वेगळे अक्षर, दोन ओळींत दाटून बसवलेला ‘महादेव’ हा शब्द, सगळे अहवालात येते. नंतर घुसडलेला एक शब्द घराण्याच्या बाकीच्या खऱ्या नोंदींवरही संशय आणतो. अपुरी नोंद आहे तशी द्या आणि तिच्याशेजारी दुसऱ्या नातेवाइकाची जुनी, पूर्ण नोंद ठेवा.

अर्ज कुठे करायचा यात दरवर्षी गोंधळ होतो. दाखला ज्या जिल्ह्यातून मिळाला, त्या जिल्ह्याची समिती. नंदुरबारचा दाखला असलेली मुलगी पुण्यात शिकत असली तरी तिचा प्रस्ताव पुण्याच्या समितीकडे जात नाही. महाविद्यालयाचे पत्र आणि प्राचार्यांची सही-शिक्का तेवढा इथून लागतो, तो अडवून ठेवू नका.

दक्षता पथक चालीरीतींबद्दलही विचारते: कुळ, देव, लग्नाचे विधी, मयताचे सोपस्कार, बोली. लहानपणापासून आश्रमशाळेत किंवा शहरात वाढलेल्या मुलांना यातले थोडेच ठाऊक असते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सुट्टीत आजीजवळ बसून हे सगळे तिच्या शब्दांत टिपून घ्यायला सांगा. पुस्तकातून घोकून गेलेले उत्तर लगेच ओळखू येते, कारण त्याच जमातीत गावागणिक रीत बदलते. आणि या उत्तरांवर सगळे ठरत नाही. 24 मार्च 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ही आप्तभाव चाचणी निर्णायक कसोटी नाही. अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत घ्या आणि नोटिशीतली मुदत संपण्याआधी प्रत्येक मुद्द्याला कागदासह लेखी उत्तर द्या. समितीच्या आदेशावर अपील नसते. फक्त उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

पैशाचे काम याच्यासाठी थांबवू नका. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला लागतो. रक्कम आधार ज्या बँक खात्याशी जोडलेले असेल तिथे जाते. मुलाने नवे खाते उघडले आणि आधार जुन्याच खात्याला राहिले, तर पैसे गावच्या बंद पडलेल्या खात्याकडे वळतात. अर्जाआधी बँकेत जाऊन जोडणी तपासा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडून ‘स्वयम’ योजनेची चौकशी करा. जेवण, राहणे आणि किरकोळ खर्चाची रक्कम तिच्यातून थेट खात्यावर मिळते.

वैधता हातात आली की फाइल बंद करण्याआधी सगळ्या कागदांचा एक संच विद्यार्थ्याच्या घरी पोचवा. धाकटा भाऊ, चुलत बहीण यांच्या अर्जाला हेच प्रमाणपत्र आणि हीच वंशावळ जोडायची आहे.