हंगेरीच्या १९५६ च्या उठावाची डॉक्युमेंट्री गावात दाखवायची तर

परभणीकडच्या एका वाचनालयात मी पहिल्यांदा ही डॉक्युमेंट्री काहीच न सांगता लावली आणि अर्ध्या तासात निम्मी लोकं उठून गेली. दुसऱ्या वेळेस आधी दहा मिनिटं बोललो, मग कुणी हललं नाही. म्हणून गोष्ट आधी सांगा, मगच प्ले दाबा.

सुरुवात धान्यापासून करा. १९५० च्या सुमारास तिथल्या कम्युनिस्ट सरकारची माणसं सक्तीच्या वसुलीसाठी शेतकऱ्याच्या घरात शिरायची आणि माळ्यावरचा दाणा न् दाणा झाडून न्यायची. एवढं सांगितलं की आपल्याकडची म्हातारी माणसं लगेच म्हणतात, आमच्याकडं निजामाची लेव्ही होती बाबा, तसंच की! मग २३ ऑक्टोबर १९५६ वर या, बुडापेस्टच्या विद्यार्थ्यांनी १६ मागण्या घेऊन मोर्चा काढला, रेडिओ केंद्रासमोर गोळ्या चालल्या आणि त्याच रात्री लोकांनी स्टॅलिनचा पुतळा पाडला, चबुतऱ्यावर नुसते बूट राहिले. ४ नोव्हेंबरला पहाटे रशियन रणगाडे शहरात घुसले. सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले आणि दोन लाखांच्या आसपास लोक देश सोडून गेले.

फळ्यावर दोनच नावं लिहा, इम्रे नॉज, म्हणजे उठावाच्या वेळचा पंतप्रधान, आणि यानोश कादार. कादार आधी नॉजच्याच सरकारात मंत्री होता अन् नंतर रशियाच्या बाजूनं सत्तेवर बसला, इथंच बघणाऱ्याचा गोंधळ होतो. मधोमध भोक पाडलेला झेंडा दिसला की पॉज करा, राजवटीचं चिन्ह कापून काढलंय ते, फाटलेला झेंडा नाही.

सबटायटल इंग्रजी असतात आणि भरभर जातात, त्यामुळं एकानं आदल्या दिवशी पूर्ण बघून वहीत मराठी उतरवून ठेवायचं आणि माईकवर थोडक्यात सांगायचं, ओळ न् ओळ वाचत बसू नका. पडदा पांढऱ्या धोतराचा चालतो, स्पीकर मात्र चांगला पाहिजे. इन्व्हर्टर चार्ज ठेवा, लाईटीचा भरवसा नाही.

३० ऑक्टोबरला शरण आलेल्या गुप्त पोलिसांना उठाववाल्यांनी गोळ्या घातल्या, ते दृश्य असेल तर कापू नका, फक्त लहान लेकरांना आधी बाहेर न्या. मला तरी वाटतं ते दाखवलंच पाहिजे, नाहीतर आपण खोटं दाखवतोय.

नंतर कुणीतरी विचारतंच, तेव्हा भारत काय करत होता? सरळ सांगा, ९ नोव्हेंबरला युनोतल्या एका ठरावाविरुद्ध भारतानं मत दिलं, त्यात युनोच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या असं होतं आणि नेहरूंना ते पटलं नव्हतं. नेहरूंच्या भूमिकेवर जयप्रकाश नारायणांनी टीका केली होती. यावर भांडण झालं तर होऊ द्या, पण १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे निजामाची राजवट संपली तो दिवस, आणि रझाकार बघितलेलं कुणी बसलं असेल तर माईक आधी त्यांच्याकडं द्या.

शेवटी बऱ्याचदा १६ जून १९८९ चं फुटेज येतं. १९५८ ला याच तारखेला नॉजला फाशी देऊन बेनाम खड्ड्यात पुरलं होतं, आणि एकतीस वर्षांनी बुडापेस्टच्या चौकात त्याच्या शवपेटीसमोर ती अफाट गर्दी उभी आहे. तेव्हा खोलीतला दिवा लगेच लावू नका.