अमेरिकेत माणसं कामाला ठेवताय? पगाराचे कागद आधी तपासून घ्या

अमेरिकेत दुकान, मोटेल किंवा छोटी कंपनी चालवत असाल, तर पगाराच्या कायद्याची तयारी हजेरीपासून सुरू करा. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमध्ये (किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा केंद्राचा कायदा) अडकणारे बहुतेक मालक लबाड नसतात. त्यांच्या नोंदी कच्च्या असतात. पण बुडतो तो कष्टकऱ्याचाच पैसा.

गेल्या काही महिन्यांच्या टाइमशीट काढून बसा. रोज अगदी नऊ ते पाच लिहिलेलं दिसलं, तर चौकशी करा. कोणी लवकर येऊन काउंटर लावतं, कोणी घरी गेल्यावर ग्राहकांचे फोन घेतं. तुम्ही सांगितलं नसेल, पण काम होतंय हे माहीत असेल किंवा असायला हवं होतं, तर तो वेळ पगाराचाच. परवानगीशिवाय ओव्हरटाइम नको असा नियम जरूर करा; कोणी मोडला तर समज द्या, पैसे कापू नका. सॉफ्टवेअर जेवणाचा अर्धा तास आपोआप वजा करत असेल, तर तेही बघा. रिसेप्शनवरची बाई एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने फोन घेत असेल, तर ती सुट्टी झालीच नाही.

मग ज्यांना ओव्हरटाइम देत नाही त्यांची नावं लिहा. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. ठरावीक पगार दिला आणि ‘मॅनेजर’ म्हटलं की झालं, असं नाही. केंद्राच्या नियमाने साधारणपणे आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार हवा आणि कामही खरोखर त्या दर्जाचं हवं. हाताखाली दोन पूर्णवेळ माणसांइतकंही मनुष्यबळ नसेल, तर व्यवस्थापक म्हणून ओव्हरटाइममधून सूट मिळत नाही.

ओव्हरटाइमचा दर, म्हणजे आठवड्याच्या ४० तासांवरच्या कामाची दीडपट मजुरी, स्वतः एकदा मांडून बघा. तासाला १६ डॉलर, आठवड्यात ४६ तास आणि उत्पादनावर आधी कबूल केलेला ९२ डॉलर बोनस, असं धरू. ४६ तासांचे ७३६ आणि बोनस मिळून ८२८, म्हणजे खरा दर १८ डॉलर. सगळ्या तासांचा मूळ दर यात आलाच, म्हणून वरच्या सहा तासांवर त्याचा फक्त निम्मा, म्हणजे ५४ आणखी, एकूण ८८२. बोनस दरात न धरता १६ च्या दीडपट, म्हणजे २४ च्या दराने मांडलंत, तर हातात ८७६ पडतात. सहा डॉलर किरकोळ वाटतील, पण ते दर आठवड्याला, प्रत्येक माणसामागे जातात. पगार पंधरवड्याने देत असाल, तरी ५० आणि ३० तासांची सरासरी काढू नका. मर्यादा प्रत्येक आठवड्याला ४० तासांची आहे.

राज्याचा कायदाही उघडून बघा. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच आहे, पण अनेक राज्यांत ते जास्त आहे आणि जास्त असेल तेच द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात तर एका दिवसात आठ तासांच्या वर काम झालं, तरी ओव्हरटाइम लागतो. ‘कंत्राटदार’ म्हणून ठेवलेल्यांचं काम, वेळ आणि दर तुम्हीच ठरवत असाल, तर ते कायद्याने नोकरच ठरतात का, हे वकिलाला विचारा. पगारपत्रकं तीन वर्षं आणि टाइमशीट दोन वर्षं जपा.

थकबाकी निघाली तर वकिलाच्या सल्ल्याने लगेच चुकती करा. दावा साधारण दोन वर्षं मागे जातो, जाणूनबुजून केलेलं ठरलं तर तीन, आणि थकबाकीइतकीच रक्कम वर भरावी लागू शकते. ज्याने तक्रार केली त्याच्या शिफ्ट मात्र कमी करू नका. तो सूड धरला जातो आणि त्याचा वेगळा खटला होतो.